फोमच्या पहिल्या विमानाला मोटर आणि बॅटरी कोणती? सुरुवात वजनकाट्यापासून

रिमोटवर उडणाऱ्या छोट्या फोमच्या विमानासाठी मोटर घ्यायला निघालेल्या नवख्या माणसाला मी आधी वजनकाटा काढायला सांगतो. स्वयंपाकघरातला, एकेक ग्रॅम दाखवणारा साधा काटा पुरतो. विमान अजून बांधायचं असेल तरी हरकत नाही, कागदावर बेरीज करता येते. पण वजन हाताशी नसताना मोटर, बॅटरी, प्रोपेलर यांबद्दल कोणी काहीही सांगितलं तरी तो अंदाजपंचे दाहोदरसे असतो.

मी स्वतः हे उलट्या बाजूने शिकलो. पहिल्या विमानासाठी मी यादीतली सगळ्यात मोठा केव्हीचा आकडा असलेली मोटर उचलली, २२०० केव्हीची (केव्ही म्हणजे काय ते पुढे सांगतो). मोठा आकडा म्हणजे जास्त जोर, इतका सरळ हिशोब. तिच्यावर हाताशी होता तो ८ इंची प्रोपेलर चढवला, ३ सेलची बॅटरी जोडली आणि थ्रॉटल पुढे ढकलला. विमान जागचं हलायच्या आत २० अँपिअरच्या ईएससीतून, म्हणजे मोटरचा वेग ताब्यात ठेवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीतून, धूर निघाला. मोटर चांगली होती, बॅटरी चांगली होती, ईएससीतही खोट नव्हती. तिघांची पत्रिका तेवढी जुळत नव्हती.

म्हणून क्रम असा धरा: आधी वजन, त्यावरून वॉट, मग प्रोपेलर, मग सेल आणि केव्ही, आणि तेव्हा कुठे मोटर. ईएससी आणि बॅटरी तिच्यामागून येतात. खाली जे सांगतोय ते एका मोटरच्या, पंख वर असलेल्या, साधारण ३०० ग्रॅम ते सव्वा किलो वजनाच्या शिकाऊ विमानाला लागू आहे. जेटसारखी दिसणारी, डक्टेड फॅनवाली विमानं पहिल्या वर्षी घेऊच नयेत असं माझं मत आहे, त्यामुळे त्यांचा हिशोब इथे नाही.

वजन: फोमचं नव्हे, उडायला तयार विमानाचं

एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत नेऊ. पंखाची लांबी १.२ मीटर, रुंदी २० सेंटिमीटर. फोमचा सांगाडा, पंखातल्या कार्बन नळीसकट, ४८० ग्रॅम. ९ ग्रॅमचे चार सर्व्हो (पंख-शेपटाच्या फळ्या हलवणाऱ्या छोट्या मोटर) म्हणजे ३६. रिसीव्हर १०, मोटर ५५, ईएससी २५, बॅटरी १२०. मोटर माउंट, प्रोपेलर, चाकं, पुशरॉड (सर्व्होला फळ्यांशी जोडणाऱ्या काड्या), वायरी आणि गोंद मिळून ७४. एकूण ८०० ग्रॅम. यातला शेवटचा आकडा नवखे लोक हमखास विसरतात. गोंद आणि रंगीत टेप यांचंच वजन कधीकधी मोटरएवढं भरतं.

आता पंखाचं क्षेत्रफळ. १२ डेसिमीटर गुणिले २ डेसिमीटर म्हणजे २४ चौरस डेसिमीटर. ८०० भागिले २४ केलं की चौरस डेसिमीटरमागे ३३ ग्रॅम येतात. याला विंग लोडिंग म्हणतात. शिकाऊ विमानाला हा आकडा २० ते ३५ च्या दरम्यान बरा. आपलं विमान वरच्या टोकाला आहे, पण चालेल.

याच आकड्यावरून विमान किती हळू उडू शकेल याचा ढोबळ अंदाज येतो. त्याचं वर्गमूळ काढा आणि साडेचारने गुणा. ३३ चं वर्गमूळ पावणेसहाच्या आसपास, म्हणजे उत्तर ताशी २६ किलोमीटर. वेग याच्या खाली गेला की पंख हवा सोडतो आणि विमान पडतं, म्हणजेच स्टॉल होतं. हा २६ लक्षात ठेवा, प्रोपेलर निवडताना लागणार आहे.

वॉट किती हवेत?

इथे वॉट म्हणजे बॅटरीतून निघणारे वॉट, पूर्ण थ्रॉटलला, व्होल्ट गुणिले अँपिअर. त्यातले २०-३० टक्के उष्णतेत जातात, पण ढोबळ नियम सगळे याच आकड्यावर बेतलेले आहेत.

किलोमागे १०० ते १३० वॉट मिळाले तर विमान शांतपणे उडतं आणि सावकाश चढतं. पॉवर्ड ग्लायडरला एवढं पुरतं. १५० ते २०० मध्ये शिकाऊ विमान आत्मविश्वासाने चढतं, थोड्या वाऱ्यात टिकतं आणि लूपही मारतं. २२० च्या पुढे एरोबॅटिक्सचा प्रांत सुरू होतो, आणि प्रोपेलरवर लटकून उभं राहणाऱ्या विमानांना ३३० ते ४४० लागतात.

पहिल्या विमानाला मी १६० ते १८० घेतो. ८०० ग्रॅमला म्हणजे साधारण १३० ते १४५ वॉट.

"जास्त घेऊन ठेवू, थ्रॉटल कमी ठेवला की झालं" हा युक्तिवाद अगदीच चुकीचा नाही. हातात थोडा जास्त जोर असलेला केव्हाही बरा. अडचण अशी की तो फुकट येत नाही. मोठ्या मोटरला मोठी ईएससी लागते, तिला मोठी बॅटरी, बॅटरीला मजबूत नाक, आणि बघता बघता ८०० ग्रॅमचं विमान ११०० ग्रॅमचं होतं. मग स्टॉलचा वेग वाढतो, लँडिंग जोरात होतं, फोम फाटतो. शिवाय घाबरलेल्या नवख्याचा हात थ्रॉटल मागे घेण्याऐवजी पुढे जातो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता त्याचं नवलही वाटत नाही. मात्र कमी जोरही वाईटच. किलोमागे १०० वॉटच्या खाली गेलेलं विमान हातातून सोडल्यावर तरंगत तरंगत खाली येतं, आणि नाक वर खेचून ते सावरायला गेलात की स्टॉल होतं.

प्रोपेलर: खरी निवड इथे होते

प्रोपेलरवर दोन आकडे असतात, दोन्ही इंचांत. ९×५ म्हणजे व्यास ९ इंच आणि पिच ५ इंच. लाकडात स्क्रू फिरतो तसा प्रोपेलर हवेत न घसरता फिरला, तर एका फेऱ्यात ५ इंच पुढे जाईल, असा पिचचा अर्थ. व्यास ओढ देतो, पिच वेग देतो. सायकलच्या गिअरसारखंच आहे: मोठा व्यास आणि लहान पिच म्हणजे चढाचा गिअर, लहान व्यास आणि मोठा पिच म्हणजे सपाट रस्त्यावर पळायचा.

शिकाऊ विमानाला चढाचा गिअर हवा. तरी पिच फार लहान घेऊन चालत नाही, कारण विमान प्रोपेलरच्या पिच वेगापेक्षा, म्हणजे पिच गुणिले फेरे यापेक्षा, जोरात ओढलं जात नाही. पिच वेग स्टॉलच्या वेगाच्या अडीच ते तीन पट ठेवायचा. आपला स्टॉल २६, म्हणून पिच वेग हवा ताशी ६५ किलोमीटरच्या पुढे.

५ इंच पिच घेतला तर फेरे किती लागतील? ताशी ६५ किलोमीटर म्हणजे मिनिटाला १०८३ मीटर. ५ इंच म्हणजे ०.१२७ मीटर. भागाकार ८५०० च्या जवळ. म्हणजे पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला साडेआठ हजार फेरे.

आता व्यास. नाकावर मोटर असेल तर जमिनीपासून जागा किती उरते तेवढाच काय तो अडसर. या वजनाला ९ इंच छान बसतो. पण पुष्कळ शिकाऊ विमानांत मोटर पंखाच्या वर, मागे तोंड करून बसवलेली असते. आपटल्यावर मोटर आणि प्रोपेलर दोन्ही वाचतात, म्हणून नवख्याला ही रचना मला आवडते. तिथे मात्र प्रोपेलर शेपटाच्या दांड्याला लागू नये म्हणून ६-७ इंचांवर थांबावं लागतं. तेवढेच वॉट ९ ऐवजी ६ इंचाच्या प्रोपेलरमधून काढले, तर जागेवरची ओढ हिशोबाने सुमारे पाव हिश्श्याने घटते. थोड्या हवेला जोरात ढकलण्यापेक्षा जास्त हवेला हळू ढकलणं स्वस्त पडतं, एवढंच त्यामागचं भौतिकशास्त्र. मागे मोटर असलेलं विमान हातातून सोडताना थोडं जोरात फेकावं लागतं ते यामुळे.

एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे. पिच तेवढाच असताना प्रोपेलर जी शक्ती खातो ती व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते आणि फेऱ्यांच्या तिसऱ्या घाताने. ८ च्या जागी ९ इंच लावला की मागणी १.६ पट. २ सेलच्या जागी ३ सेल जोडले की फेरे साधारण दीडपट होऊ पाहतात आणि मागणी तिपटीच्या वर जाते. प्रत्यक्षात मोटर दमते, फेरे थोडे पडतात, म्हणून आकडा जरा कमी भरतो. पण माझी ईएससी का जळली हे समजायला एवढं पुरे.

सेल आणि केव्ही

लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीच्या एका सेलचा सरासरी व्होल्टेज ३.७, पूर्ण भरल्यावर ४.२. २एस म्हणजे दोन सेल एकापुढे एक जोडलेले, ७.४ व्होल्ट. ३एस म्हणजे ११.१, पूर्ण भरल्यावर १२.६. चारशे ग्रॅमच्या आतल्या विमानाला २एस शोभतो, त्यापुढे दीड किलोपर्यंत ३एस. ४एसचा विचार पहिल्या विमानासाठी करू नका.

केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे. मोटरवर काहीही भार नसताना एका व्होल्टमागे मिनिटाला किती फेरे, तो आकडा म्हणजे केव्ही. १००० केव्हीची मोटर ११ व्होल्टवर रिकामी ११,००० फेरे घेईल. त्यात जोर किती आहे हे केव्ही सांगत नाही. एकाच मापाच्या मोटरला जाड तारेचे थोडे वेढे दिले की केव्ही वाढतो, बारीक तारेचे जास्त वेढे दिले की घटतो. कमी केव्हीला मोठा प्रोपेलर, जास्त केव्हीला लहान.

प्रोपेलर लावल्यावर फेरे रिकाम्या फेऱ्यांच्या पाऊणपट उरतात असं धरा. ३एस भाराखाली ११ व्होल्टच्या आसपास राहतो. ११ ची पाऊणपट सव्वाआठ. आपल्याला ८५०० फेरे हवेत. ८५०० भागिले ८.२५ केलं की उत्तर १०३०. म्हणजे १००० केव्हीच्या आसपासची मोटर. आला आकडा.

मागे मोटर असलेल्या, ६×४ प्रोपेलरच्या विमानाला हाच हिशोब १८०० केव्हीच्या जवळ नेऊन सोडतो. वॉट जवळपास तेवढेच, पिच वेग मात्र ताशी ९० च्या पुढे. कागदावर हे विमान वेगवान दिसतं, चढायला मात्र मंद असतं.

मोटर

आता यादी उघडा. २२१२ सारख्या आकड्यात पहिले दोन आकडे व्यासाचे, पुढचे दोन उंचीचे, मिलिमीटरमध्ये. घोळ असा की काही कंपन्या आतल्या स्टेटरचं, म्हणजे तार गुंडाळलेल्या स्थिर भागाचं, माप देतात, काही बाहेरच्या डब्याचं. त्यामुळे एकाची २२१२ आणि दुसऱ्याची २८३० या जवळजवळ सारख्याच मोटर असू शकतात. नावावर जाऊ नका, वजन बघा. साध्या आउटरनर (बाहेरचा डबा फिरणाऱ्या) मोटरकडून ग्रॅममागे ३ वॉट सहज काढता येतात. ५० ते ५५ ग्रॅमची मोटर म्हणजे दीडशे वॉटच्या आसपास, आपल्याला हवे तेवढेच. २५ ग्रॅमच्या मोटरवर ३०० वॉट छापलेलं दिसलं तर तो आकडा काही सेकंदांचा असतो.

मोटरसोबत प्रोपेलर, व्होल्ट, अँपिअर आणि ओढ यांचा तक्ता दिलेला असेल तर तीच मोटर घ्या, जरा महाग असली तरी. आपल्या विमानाला ३एसवर, ९×५ किंवा ९×६ प्रोपेलरला १२-१३ अँपिअर खाणारी आणि ६०० ग्रॅमच्या वर ओढ देणारी मोटर हवी. वजनाच्या पाऊणपट ओढ शिकाऊ विमानाला भरपूर होते. ओढ वजनाएवढीच पाहिजे असं सांगणारे भेटतील. ते उभं चढवायच्या विमानांचं बोलत असतात. आपल्या विमानाचं वजन पंख उचलतो.

बसवताना एकच सापळा मोठा आहे. माउंटचे स्क्रू जास्त लांब असले की आत शिरून तारेच्या वेढ्यांना टोचतात. वरचं लाखेचं आवरण खरवडलं जातं आणि नवी मोटर पहिल्याच दिवशी जळते. स्क्रू लावून मोटर हाताने फिरवा आणि आत टॉर्चचा उजेड टाकून बघा.

हल्लीच्या नवख्यांना कल्पना नसेल, पण लायपो रुळण्याआधी विजेवर उडणारं विमान म्हणजे निकेल-कॅडमियमचे जड सेल आणि ब्रशवाली डबी मोटर. कसंबसं चढायचं. २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत हौशी लोक जुन्या सीडी ड्राइव्हमधल्या मोटर उघडून, त्यांत ताकदवान चुंबक चिकटवून आणि नवी तार गुंडाळून घरच्या घरी ब्रशलेस मोटर बनवायचे. त्या मानाने आज आपण चैनीत आहोत.

ईएससी

पूर्ण थ्रॉटलला जेवढे अँपिअर लागतात त्याच्या किमान सव्वापट क्षमतेची घ्या. आपले १३ अँपिअर, म्हणजे २० ची पुरते. ३० ची घेतलीत तर दहा-पंधरा ग्रॅम वाढतील पण पुढच्या विमानालाही कामाला येईल. मी ३० ची घेईन.

याच डबीत बीईसी असतो, तो बॅटरीचा व्होल्टेज ५ वर आणून रिसीव्हर आणि सर्व्होंना पुरवतो. स्वस्तातला लिनिअर बीईसी जादाचे व्होल्ट नुसते उष्णता करून टाकतो. १२ चे ५ करताना १ अँपिअरला ७ वॉट उष्णता, तीही थर्माकोलच्या बंद पोटात. ३एसवर चार सर्व्हो असतील तर स्विचिंग बीईसी असलेली ईएससी बघा. आणि फोममध्ये हवा आत यायला एक भोक, बाहेर जायला त्याहून मोठं.

मोटर उलटी फिरली तर तीनपैकी कोणत्याही दोन वायरी आपसांत बदला. बॅटरीकडच्या लाल-काळ्या वायरींवर हा प्रयोग करू नका, तिथे उलटं जोडलं की ईएससी क्षणात गेली.

बॅटरी

बॅटरीवर तीन गोष्टी छापलेल्या असतात: सेल किती, एमएएच किती, सी किती. सेल ठरले. एमएएच म्हणजे टाकीचा आकार. सी म्हणजे टाकीच्या नळाची रुंदी. १३०० एमएएच म्हणजे १.३ अँपिअर-तास, त्याला २५ ने गुणलं की साडेबत्तीस अँपिअर, म्हणजे २५सीची १३०० एमएएच बॅटरी कागदावर तेवढे देऊ शकते. छापलेल्या सीवर निम्माच विश्वास ठेवावा हा माझा नियम. निम्मा धरूनही १६ अँपिअर होतात आणि आपल्याला १३ लागतात. जमलं.

उडायला वेळ किती मिळेल? विमान बहुतेक वेळ अर्ध्या थ्रॉटलच्या आसपास असतं, सरासरी ६ अँपिअर धरा. बॅटरी ८० टक्क्यांपेक्षा जास्त रिकामी करायची नाही. १३०० चे ८० टक्के म्हणजे १०४० एमएएच. हिशोबाने दहा मिनिटं. नवख्याला दहा मिनिटं म्हणजे फार. सहाव्या मिनिटाला खांदे आखडतात आणि नजर दमते. म्हणून एक मोठी बॅटरी घेण्यापेक्षा दोन लहान घ्या. मधल्या वेळात पाणी प्या, विमान तपासा.

२२०० एमएएचची बॅटरी १३०० पेक्षा साधारण ७० ग्रॅमने जड असते. आपल्या ८०० ग्रॅमच्या विमानात त्यामुळे स्टॉलचा वेग चारेक टक्क्यांनी वाढेल, म्हणजे आभाळ कोसळणार नाही. खरा प्रश्न तोलाचा. गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर यायला हवा, म्हणजे २० सेंटिमीटरच्या पंखाला ५ ते साडेसहा सेंटिमीटर. नवख्याने पुढच्या बाजूलाच ठेवावा. बॅटरी पुढे-मागे सरकवून हे साधता आलं पाहिजे. ज्या बॅटरीमुळे शेपटाला शिसं बांधावं लागतं ती बॅटरी त्या विमानाची नव्हे. विमानाच्या एकूण वजनात बॅटरीचा वाटा १५ ते २० टक्के असला की सहसा सगळं जमून येतं. ४०० ग्रॅमच्या विमानात मात्र तीच २२०० घातली की निम्मं वजन बॅटरीचं, आणि ते विमान दगडासारखं उतरतं.

लायपोबद्दल थोडं कडक बोलतो, कारण ही चीज पेट घेते. चार्जर बॅलन्सिंगचाच, म्हणजे सगळे सेल सारखे भरणारा हवा, सेलनिहाय व्होल्टेज दाखवणारा. चार्जिंग १सी दराने, म्हणजे १३०० एमएएचला १.३ अँपिअर. चार्जरवर लायपो निवडलंय आणि सेल ३ दाखवतोय हे दर वेळी बघा. लादीवर, जळण्यासारखं काही जवळ न ठेवता, आणि तुम्ही जागे आणि त्याच खोलीत असताना. रात्री लावून झोपायचं नाही. फुगलेली किंवा अपघातात चेपलेली बॅटरी पुन्हा भरायची नाही, "एकदाच उडवून बघू" असंही नाही. दोन-तीन दिवस उडवणार नसाल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवा. चार्जरमध्ये त्यासाठी स्टोरेजचा पर्याय असतो. भरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे ठेवलेली बॅटरी फुगते, आणि सेलमागे ३ व्होल्टच्या खाली गेलेली बहुधा सावरत नाही. उन्हात उभ्या गाडीत तर ठेवूच नका.

कनेक्टर १३ अँपिअरला एक्सटी६० घ्या. लाल छोटे जेएसटी ५ अँपिअरच्या पुढे तापतात.

मोजा, मगच उडवा

इथवरचं सगळं कागदावरचं होतं. आता बॅटरी आणि ईएससी यांच्यामध्ये वॉटमीटर जोडा. या छंदात एकच उपकरण घ्यायला परवानगी असेल तर मी वॉटमीटर घेईन.

पहिली जोडणी प्रोपेलर काढून. ईएससीला थ्रॉटलची खालची-वरची मर्यादा शिकवा, मोटरची दिशा बघा, आणि ट्रान्समीटर बंद करून पाहा: मोटर थांबली पाहिजे. थांबत नसेल तर रिसीव्हरचा फेलसेफ (सिग्नल तुटला की मोटर बंद करण्याची सोय) नीट लावल्याशिवाय पुढे जायचं नाही. हे सगळं झाल्यावर प्रोपेलर चढवा. त्यावरचे कोरलेले आकडे विमान ज्या दिशेने उडणार त्या बाजूला हवेत, मोटर नाकावर असो की मागे. उलटा बसवलेला प्रोपेलरही थोडी ओढ देतो, म्हणून चूक लवकर ध्यानात येत नाही, आणि माणूस आठवडाभर मोटरला दोष देत बसतो.

विमान कोणाला तरी घट्ट धरायला सांगा किंवा बांधा. प्रोपेलरच्या समोर आणि त्याच्या फिरण्याच्या पातळीत कोणी उभं राहू नये, बाह्या आणि ओढण्या आवरून. हिशोबात आलेल्यापेक्षा एक इंच लहान प्रोपेलरने सुरुवात करा. पूर्ण थ्रॉटल दहा सेकंद, आकडे वाचा, बंद. मग हवा तो प्रोपेलर. ताज्या भरलेल्या बॅटरीवर आकडा थोडा चढाच दिसतो, ११.५ व्होल्ट, १३ अँपिअर, दीडशे वॉट. अर्ध्या मिनिटानंतर १३० वर स्थिरावला तरी आपल्या मापात आहे. भरलेली ३एस बॅटरी पूर्ण थ्रॉटलला ११ च्या खाली कोसळली तर ती दमलेली आहे किंवा तिच्यावर छापलेला सी खोटा आहे.

मग मिनिटभर अर्ध्या-पाऊण थ्रॉटलवर चालवून, बॅटरी काढून, मोटरला बोट लावा. पाच सेकंद बोट टेकवता येत नसेल तर ती जास्त तापतेय. प्रोपेलर एक इंच कमी करा किंवा पिच एकाने उतरवा. साधे निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या पुढे कायमचे कमजोर होऊ लागतात, आणि मग तीच मोटर जास्त करंट खाऊन कमी काम करते.

वॉट कमी भरले तर उलटं करा: आधी पिच एकाने वाढवा, पुरलं नाही तर व्यास. दोन्ही एकदम नको, चौथा घात विसरू नका.

पहिल्या काही उड्डाणांत काय बघायचं

टायमर चार मिनिटांवर लावा. उतरल्यावर चार्जर बॅटरीत किती एमएएच परत घालतो ते लिहून ठेवा. समजा ४२० गेले. म्हणजे मिनिटाला १०५, आणि १०४० ला जवळपास दहा मिनिटं. टायमर आठवर न्या, कारण एखादं लँडिंग चुकून पुन्हा फेरी मारावी लागते. उतरल्यानंतर थोड्या वेळाने सेलमागे ३.७ व्होल्ट किंवा वर दिसले पाहिजेत.

थ्रॉटल वाढवल्याबरोबर नाक उंच उठत असेल तर मोटर दोन-तीन अंश खाली झुकवा, माउंटच्या वरच्या दोन स्क्रूंखाली वॉशर घालून. ही खूण नाकावर मोटर असलेल्या विमानाची. पंखाच्या वर मोटर असलेलं विमान उलट थ्रॉटलला नाक खाली घालतं. पूर्ण थ्रॉटलला डावीकडे ओढत असेल तर नाकावरची मोटर दोन अंश उजवीकडे. हे दोष ट्रान्समीटरवरच्या ट्रिमच्या बटणांनी झाकायला गेलात तर थ्रॉटल कमी केल्यावर विमान दुसरीकडे तोंड करतं.

उडता उडता मोटर अडखळायला लागली, धडधड करून पुन्हा चालली, तर ईएससी बॅटरी संपत आल्याचं सांगतेय. थ्रॉटल निम्म्याच्या खाली घ्या आणि उतरा. सर्व्हो चालू असतात, विमान तुमच्या ताब्यात असतं. वाऱ्याविरुद्ध विमान पुढेच सरकत नसेल, पण शांत हवेत मस्त चढत असेल, तर वॉट वाढवायची गरज नाही. ९×५ काढून ९×६ लावा आणि वॉटमीटरवर पुन्हा एकदा बघा. आणि प्रोपेलर कडेला चिरलेला दिसला तर गोंद लावू नका, नवा चढवा. पिशवीत त्याच मापाचे तीन-चार जास्तीचे असू द्या, पहिल्या महिन्यात लागतातच.